ॲन्सिलरी म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजीतनं मराठीत भाषांतरं करतो, बहुतेक कारखान्यांची कागदपत्रं, नोटिसा, करार, सेफ्टीची पत्रकं असली कामं. त्यात एक शब्द सारखा समोर येतो आणि दर वेळी थांबायला लावतो, तो म्हणजे ॲन्सिलरी. ओळखीतले लोकही याच शब्दावर अडकून फोन करतात, कुणाच्या ऑफर लेटरमध्ये असतो, कुणाच्या जीएसटीच्या कागदात, कुणी शेअर मार्केटच्या बातमीत वाचलेला असतो. तीच तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय.

ॲन्सिलरीचा अर्थ एका वाक्यात सांगता येईल का?

मुख्य काम चालावं म्हणून, त्या मुख्य कामासाठीच केलं जाणारं दुसरं काम म्हणजे ॲन्सिलरी.

यातला "साठीच" महत्त्वाचा. लग्न असतं म्हणून मांडव, जेवणाचं कंत्राट, गाड्या, फुलं हे सगळं असतं, लग्नच नसेल तर मांडव कुणी घालत नाही. म्हणजे हा शब्द दिसला की आधी विचारायचं की इथं मुख्य गोष्ट कुठली आहे. ती सापडली की ॲन्सिलरीचा अर्थ आपोआप लागतो, आणि ती सापडत नसेल तर एक तर लिहिणाऱ्याने शब्द चुकीचा वापरलाय नाहीतर आपण वाक्य अर्धवट वाचलंय.

मराठीत याला कुठला शब्द वापरायचा?

एकच शब्द सगळीकडे चालत नाही आणि इथंच सगळ्यांची गाडी अडते. साधारण तीन शब्द कामाला येतात.

पूरक हा सगळ्यात सोपा, पूरक उद्योग, पूरक सेवा. वाचणाऱ्याला लगेच कळतो. पण पूरक म्हणजे कमी आहे ते भरून काढणारं, ती छटा प्रत्येक ठिकाणी बसते असं नाही.

सहायक (बरेच जण सहाय्यक लिहितात) हा माणसांच्या कामासाठी बरा, सहायक कर्मचारी, सहायक सेवा. फक्त सरकारी ऑफिसात सहायक हे पदाचंच नाव आहे, तिथं हा शब्द टाकला की वाचणाऱ्याला वाटतं कुठल्यातरी असिस्टंटबद्दल चाललंय, तेव्हा जपून.

आनुषंगिक हा कायद्याचा आणि शासन निर्णयांचा शब्द. "उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने" असं आपण पत्रात लिहितो त्यातलाच हा अनुषंग, म्हणजे एखाद्या गोष्टीला धरून येणारं. करार, नियम, कोर्टाचे कागद यात मी डोळे झाकून आनुषंगिक घेतो, कारण तिथं वकील वाचणार असतात आणि त्यांना तो पाठ असतो. पण कामगारांच्या नोटीसबोर्डावर आनुषंगिक लिहिलं तर कुणी वाचणार नाही, तिथं सरळ "त्यासोबतची कामे" लिहितो. हे शब्दकोशात मिळत नाही पण वाचणाऱ्याला बरोबर पोचतं.

दुय्यम का नाही लिहायचं? बऱ्याच ठिकाणी तेच दिसतं.

दिसतं, आणि मी स्वतः लिहिलेलं आहे, म्हणूनच ठामपणे सांगतो की लिहू नका.

सुरुवातीच्या काळात एका केमिकल कारखान्याची नोटीस मी मराठीत केली होती, शटडाऊनच्या आठवड्यात कुणी कधी यायचं याबद्दलची. मूळ इंग्रजीत प्रॉडक्शनची माणसं एकीकडे होती आणि ॲन्सिलरी डिपार्टमेंट्स म्हणून ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी साफ करणारा प्लांट), बॉयलर, स्टोअर्स, कॅन्टीन दुसरीकडे. मी बिनधास्त "दुय्यम विभाग" लिहिलं. नोटीस लागल्यानंतर दोन दिवसांनी कामानिमित्त तिथं गेलो होतो तर ईटीपीचा एक ऑपरेटर मला त्या बोर्डापाशी घेऊन गेला, पन्नाशीचा माणूस, हाताला केमिकलचे डाग, त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, ईटीपी बंद ठेवून हा प्लांट एक शिफ्ट चालवता येतो का ते आत विचारून या, मग हे लिहा."

नाही चालवता येत. सांडपाणी प्रक्रिया न करता सोडलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ अख्खा कारखाना बंद करू शकतं. ईटीपी ॲन्सिलरी आहे कारण कारखाना सांडपाणी साफ करण्यासाठी उघडलेला नाही, रंग बनवायला उघडलाय, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. कुठलं काम कुठल्या कामासाठी आहे हे ॲन्सिलरी सांगतो. कुठलं काम मोठं आणि कुठलं छोटं हे तो सांगत नाही. दुय्यम मात्र नेमकं तेच सांगतो, नंबर लावतो. त्या दिवशी नोटीस काढून "सहायक विभाग" अशी नवीन लावली, त्या माणसाने ती वाचली आणि मान हलवून कामाला गेला.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधनं. आन्सिला म्हणजे घरात काम करणारी दासी. त्याचं विशेषण झालं आन्सिलारिस आणि त्यावरून सतराव्या शतकात इंग्रजीत ॲन्सिलरी आला.

लॅटिन बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात, देवदूत मरीयेला निरोप देतो तेव्हा ती जे उत्तर देते त्यात हा शब्द आहे, एक्के आन्सिला डोमिनी. मराठी बायबलमध्ये ते "पाहा, मी प्रभूची दासी" असं आलंय. गोव्यात तिन्हीसांजेला चर्चची घंटा होते ती ज्या आंजेलुस प्रार्थनेची, तिच्या लॅटिन पाठातही हीच ओळ आहे. म्हणजे ती प्रार्थना लॅटिनमध्ये ऐकणाऱ्यांच्या कानावर हा शब्द इंग्रजी न शिकताच पडत होता.

मध्ययुगात युरोपातले धर्मपंडित म्हणायचे की तत्त्वज्ञान ही धर्मशास्त्राची दासी आहे, तिथंही शब्द आन्सिलाच. यात आज्ञा पाळण्याचा भाग होताच, पण दिवा धरून पुढे कोण चालतं, मालकीण की दासी, असा वादही पुढे जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने त्यावर घातलाय.

मला मात्र हे वाचताना जनाबाईच आठवते. नामयाची दासी हे तिचं स्वतःचं सांगणं, अभंगात ती नाव लावते तेच मुळी नामदेवाशी जोडून. दळण, कांडण, शेणी गोळा करणं ही सगळी दासीची कामं तिच्या अभंगात आहेत, आणि सातशे वर्षं होत आली तरी घरोघर बायका तिचं नाव घेतात. दासी या शब्दात आपल्या भाषेने जो मान साठवून ठेवलाय तो बघितल्यावर ॲन्सिलरीला दुय्यम म्हणवत नाही.

उच्चार काय, ॲन्सिलरी की ॲन्सलेरी?

दोन्ही बरोबर. ब्रिटिश इंग्रजीत जोर "सि" वर, ॲन्-सि-लरी. अमेरिकन लोक पहिल्या अक्षरावर जोर देतात, ॲन-स-लेरी. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ॲन्सलरी म्हणतात. स्पेलिंगमध्ये एल दोनदा आणि त्यानंतर लगेच ए येतो, डबल एलनंतर आय घालायची चूक भरपूर लोक करतात, मोठमोठ्या कंपन्यांच्या पाट्यांवरही बघितलीय.

ॲन्सिलरी इंडस्ट्री, ॲन्सिलरी युनिट म्हणजे काय?

महाराष्ट्रात हा शब्द सगळ्यात जास्त कुठे बोलला जात असेल तर तो एमआयडीसीत, आणि इंग्रजी न येणारी माणसंही तो सहज वापरतात.

मोठी कंपनी गाडी बनवते म्हणजे काय करते, तर इंजिन, चासी, बॉडी अशा काही गोष्टी स्वतः करते आणि बाकीचे शेकडो पार्ट बाहेरून घेते. बुश, ब्रॅकेट, पिन, स्प्रिंग, रबरचे पार्ट, वायरिंग, सीटचं कापड. हे बनवणारे छोटे कारखाने म्हणजे ॲन्सिलरी. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडला टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाज ऑटो आल्या आणि त्यांच्या भोवती भोसरी, चिंचवड भागात अशी शेकडो शेड उभी राहिली. तेच पुढे वाळूजला झालं, नाशिकला सातपूर-अंबडमध्ये झालं, नंतर चाकणला. कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्र्या ओतकाम करून देतात ते कास्टिंग पुण्यातल्या मशीनशॉपला जातं आणि तिथनं असेंब्ली लाइनवर, एवढी लांब साखळी आहे.

माझ्या वडिलांचं भोसरीत असंच एक शेड होतं, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि पाच माणसं. आम्ही बुश करायचो, म्हणजे मधोमध भोक असलेली धातूची छोटी नळी. मला लहानपणचं आठवतं ते म्हणजे रात्री जेवण झाल्यावर वडील ट्रे घेऊन बसायचे, डाव्या हातात बुश, उजव्या हातात भोकाचं माप तपासायचा प्लग गेज. गेजला दोन टोकं, एक गो आणि एक नो-गो. गोचं टोक भोकातनं अलगद गेलं पाहिजे आणि नो-गो तोंडाशी अडकलं पाहिजे, दोन्ही झालं तर पीस पास. नो-गोसुद्धा आत गेलं की भोक मोठं झालं, पीस भंगारात. शंभर पीस असे तपासायचे, एकही शब्द न बोलता, आणि पास झालेला प्रत्येक पीस तेलाच्या फडक्याने पुसून खोक्यात. सकाळी टेम्पो यायचा, चलन फाडायचं आणि माल गेटवर. तिथं त्यांचा इन्स्पेक्टर परत तपासणार, लॉटमध्ये जास्त पीस खराब निघाले तर सगळा लॉट परत.

शेडबाहेर पाटी होती, तिच्यावर फर्मच्या नावाखाली "ॲन्सिलरी युनिट" लिहिलेलं. वडिलांना त्याचा अभिमान होता. मला वाटायचं हे काहीतरी मोठं पद आहे.

एका वर्षी त्या कंपनीने ते मॉडेल बंद केलं. आम्हाला पत्र आलं ते तीन ओळींचं. त्या मापाचा बुश दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसत नव्हता, तयार माल चार महिने शेडमध्ये पडून राहिला आणि शेवटी भंगारच्या भावाने गेला. ॲन्सिलरीची खरी अडचण ही आहे की मुख्य काम थांबलं की तुमचं काम कितीही चांगलं असो, ते त्याच दिवशी थांबतं. हे मला शब्दकोशाच्या आधी त्या शेडमध्ये कळलं.

सरकारी व्याख्या आहे का?

होती. 1951 च्या उद्योग विकास आणि नियमन कायद्याखाली ॲन्सिलरी उद्योग अशी वेगळी वर्गवारी होती, जो कारखाना पार्ट, टूलिंग किंवा सेवा पुरवतो आणि त्याचं निदान 50 टक्के उत्पादन एका किंवा जास्त उद्योगांना जातं तो ॲन्सिलरी, शिवाय यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची मर्यादा. 2006 चा एमएसएमई कायदा आल्यापासून सूक्ष्म, लघु, मध्यम असे तीनच गट आहेत, ॲन्सिलरी असा वेगळा गट नाही. त्यामुळे आता कुणी "ॲन्सिलरी म्हणून रजिस्ट्रेशन करून देतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका, उद्यम रजिस्ट्रेशन करायचं आणि ते फुकट होतं.

याच कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. छोट्या युनिटवाल्यांनी हे कलम पाठ करून ठेवावं एवढं कामाचं आहे.

शेअर मार्केटमध्ये ऑटो ॲन्सिलरी म्हणतात त्या तर अवाढव्य कंपन्या असतात, मग त्या ॲन्सिलरी कशा?

प्रश्न अगदी बरोबर आहे. मुंढव्याची भारत फोर्ज घ्या किंवा छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स, हजारो कोटींची उलाढाल, परदेशात कारखाने, आणि तरी बातमीत शब्द ॲन्सिलरीच. कारण तेच, शब्द आकार सांगत नाही. त्या गाडी बनवत नाहीत, गाडी बनवणाऱ्यांना पार्ट देतात. कित्येक ॲन्सिलरी कंपन्या त्यांच्याकडून माल घेणाऱ्या काही गाडी कंपन्यांपेक्षा मोठ्या आहेत. अलीकडे कंपन्या ऑटो कंपोनंट हा शब्द जास्त वापरतात, व्हेंडर आणि टियर वन (थेट गाडी कंपनीला माल देणारा), टियर टू (टियर वनला माल देणारा) हेही आलेत, पण ब्रोकर लोकांच्या तोंडी अजून ऑटो ॲन्सिलरीच आहे.

ॲन्सिलरी, ऑक्झिलरी, सबसिडिअरी आणि सप्लिमेंटरी यात फरक काय?

चारही शब्दांत आधाराचाच भाव आहे म्हणून गोंधळ होतो, पण आपल्याकडे प्रत्येकाचं जुनं मराठी घर आहे, ते लक्षात ठेवलं की परत चूक होत नाही.

ऑक्झिलरी लॅटिन ऑक्झिलियमवरून, म्हणजे मदत. जादा हात, गरज पडली की धावून येणारा. मराठी व्याकरणातलं सहायक क्रियापद हे ऑक्झिलरी व्हर्बच, "तो खेळू लागला" यातलं "लागला". गावाच्या उपकेंद्रात ज्या नर्सबाई असतात, लसीकरण करतात, गरोदर बायकांची नोंद ठेवतात, त्यांच्या एएनएम या पदातला ए म्हणजे ऑक्झिलरी, ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. तिथं ॲन्सिलरी लिहिणं ही सरळ चूक आहे आणि मी ती छापील फॉर्मवर बघितलीय.

सबसिडिअरी लॅटिन सब्सिडियमवरून, रोमन सैन्यात मागे राखून ठेवलेली फौज. आणि मराठी माणसाने हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला आहे, फक्त मराठीत, तैनाती फौज! वेलस्लीची सबसिडिअरी अलायन्स म्हणजेच तैनाती फौजेचा करार. दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 ला वसईच्या तहात ती फौज पदरात घेतली आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. नावाला मदतीची फौज पण हुकूम इंग्रजांचा. आज सबसिडिअरी म्हणजे उपकंपनी, तिथंही ताबा दुसऱ्याचाच असतो, कंपनी कायद्याप्रमाणे निम्म्याहून जास्त मतं किंवा संचालक मंडळावर ताबा मूळ कंपनीकडे असला की ती उपकंपनी. ॲन्सिलरी युनिटचा मालक मात्र स्वतः असतो, काम दुसऱ्यासाठी करतो एवढंच. माझे वडील कुणाची सबसिडिअरी नव्हते.

सप्लिमेंटरी म्हणजे पुरवणी. परीक्षेत मागून घेतो ती पुरवणी, विधिमंडळात मांडतात त्या पुरवणी मागण्या. आधीचं पुरलं नाही म्हणून वरून जोडलेलं. इथं एक गंमत आहे, शाळेच्या भूमितीत ज्या दोन कोनांची बेरीज 180 अंश होते त्यांना आपण पूरक कोन म्हणतो, ते इंग्रजीत सप्लिमेंटरी. आणि 90 वाले कोटिकोन, ते कॉम्प्लिमेंटरी. म्हणजे पूरक हा शब्द आधीच दुसरीकडे अडकलेला आहे, आणि ॲन्सिलरीला डोळे मिटून पूरक म्हणू नये याचं हेही एक कारण.

मग जोडधंदा? तो ॲन्सिलरी नाही का?

शेतीसोबत दोन म्हशी, कोंबड्या, हा जोडधंदा. तो शेतकऱ्याच्या कमाईला जोडलेला असतो, शेतीच्या कामाला असेलच असं नाही. ऊस काढून टाकला तरी दूध विकता येतं. म्हणून त्याला इंग्रजीत अलाइड म्हणतात. अवजारं दुरुस्त करणारं गावातलं गॅरेज, रोपवाटिका, शीतगृह ही शेतीला ॲन्सिलरी म्हणता येतील कारण शेती नसेल तर ती नसतील.

जीएसटीमध्ये हा शब्द कुठे येतो?

व्यापाऱ्यांनी हे नीट वाचा कारण इथं पैशाचा संबंध आहे. 2017 च्या सीजीएसटी कायद्यात कलम 2 मध्ये प्रिन्सिपल सप्लायची, म्हणजे मुख्य पुरवठ्याची व्याख्या आहे, कॉम्पोझिट सप्लायमधला (एकत्र जोडून दिलेल्या वस्तू-सेवांमधला) मुख्य घटक कुठला आणि बाकीचे त्याला ॲन्सिलरी कुठले यावर ती उभी आहे. कायद्यातच उदाहरण दिलंय, माल पॅक केला, विमा उतरवला, गाडीने पोचवला, तर माल हा मुख्य पुरवठा आणि पॅकिंग, वाहतूक, विमा हे त्याच्यासोबतचं. मग पूर्ण रकमेवर मालाचाच दर लागतो. म्हणजे 18 टक्क्यांचा माल असेल तर त्याच बिलातल्या भाड्यावरही 18. "भाड्याला कमी दर आहे ना" म्हणून वाद घालणाऱ्यांना हे एक वाक्य उत्तर आहे. तुमच्या बिलात नक्की मुख्य काय धरायचं हे सीएला विचारा, तिथं प्रकरणं गुंतागुंतीची होतात.

विजेच्या क्षेत्रात ॲन्सिलरी सर्व्हिसेस म्हणजे काय?

हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. ग्रिडचं, म्हणजे वीज केंद्रं आणि तारांच्या देशभरच्या जाळ्याचं, मुख्य काम वीज तयार करणं आणि पोचवणं. पण वीज साठवून ठेवता येत नाही (बॅटरी आणि पंप स्टोरेजचा थोडा भाग सोडला तर), त्यामुळे ज्या क्षणी जेवढी मागणी तेवढंच उत्पादन लागतं. जरा पुढेमागे झालं की फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून हलते. ती सांभाळणं, राखीव क्षमता तयार ठेवणं, व्होल्टेज टिकवणं, आणि सगळंच बंद पडलं तर बाहेरच्या विजेशिवाय पहिलं केंद्र सुरू करणं, ज्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात, या सगळ्याला ॲन्सिलरी सर्व्हिसेस म्हणतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे 2022 चे नियमच त्या नावाचे आहेत.

5 एप्रिल 2020 ची रात्र आठवत असेल, नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. पावणेनऊ ते नऊ वाजून दहा मिनिटं एवढ्या वेळात देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली आणि पुढच्या तासाभरात परत वर गेली. औष्णिक केंद्र असं पटापट खालीवर करता येत नाही, त्याला तास लागतात. जलविद्युत केंद्राची टर्बाइनं मिनिटांत कमी-जास्त होतात, आपली कोयना याच गुणासाठी संध्याकाळच्या मागणीला धरली जाते. त्या रात्री देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी मोठा भार उचलला आणि ग्रिड टिकलं. आपण गॅलरीत पणत्या लावून उभे होतो तेव्हा कंट्रोल रूममध्ये कुणीतरी स्क्रीनवरच्या त्या 50 च्या आकड्याकडे बघत बसलं होतं. ते काम कागदावर ॲन्सिलरी.

कोर्टकचेरीत कसा वापरतात?

संविधानाच्या अनुच्छेद 140 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ॲन्सिलरी पॉवर्स द्यायची तरतूद आहे, म्हणजे मुख्य अधिकार नीट वापरता यावेत म्हणून संसद कायदा करून जोडीचे अधिकार देऊ शकते. इथं आनुषंगिक हाच शब्द शोभतो.

लंडनला राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक सांगतो, तिथल्या घटस्फोटाच्या जुन्या कागदांत ॲन्सिलरी रिलीफ दिसतं. म्हणजे घर, पैसे, पेन्शनची वाटणी, मुख्य अर्ज घटस्फोटाचा आणि हे त्याला धरून. एप्रिल 2011 पासून तिथं त्याला फायनान्शियल रेमेडी म्हणतात. जुना शब्द बघून "काहीतरी किरकोळ दिलासा" असा अर्थ घेऊ नका, त्यात अख्खं घर असू शकतं.

विमान कंपन्यांचा ॲन्सिलरी रेव्हेन्यू?

तिकिटाशिवायची कमाई. सीट निवडायचे पैसे, जादा बॅगेचे, सँडविचचे.

ऑफर लेटरमध्ये "अँड अदर ॲन्सिलरी ड्युटीज" लिहिलंय. सही करू का?

हा फोन मला सगळ्यात जास्त येतो, बहुतेक वेळा पहिली नोकरी लागलेल्या मुलांचा. वाक्य नेहमीचं आहे, घाबरायचं कारण नाही, पण त्याची मर्यादा समजून घ्या. ॲन्सिलरी आहे म्हणजे ते काम तुमच्या मुख्य कामाला धरून असलं पाहिजे. अकाउंट्सला घेतलं असेल तर बिलं फाइलला लावणं, बँकेत जाणं, ऑडिटरला कागद काढून देणं हे बसतं. साहेबांच्या मुलाला क्लासला सोडणं बसत नाही. सही करण्याआधी एचआरला मेल करून विचारा की यात साधारण कुठली कामं येतात, आणि उत्तर मेलवरच घ्या. नम्रपणे विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. मात्र काही पत्रांत "ॲन्सिलरी" हा शब्दच नसतो, "कंपनी सांगेल ते कुठलंही काम" असं असतं, ते वेगळं आहे, तिथं मुख्य कामाचं बंधन उरत नाही, तेव्हा दोन्ही वाक्यं सारखी समजू नका.

नाटक-सिनेमातल्या सहाय्यक भूमिकेला ॲन्सिलरी रोल म्हणता येईल का?

नाही, तिथं सपोर्टिंग रोल. सिनेमाच्या करारात ॲन्सिलरी राइट्स मात्र असतात, सिनेमावरून निघणाऱ्या टीशर्ट, खेळणी, गेम असल्या गोष्टींचे हक्क. निर्मात्याने काय ठेवलं आणि काय दिलं हे त्या परिच्छेदात दडलेलं असतं, म्हणून तो परिच्छेद वकिलाला दाखवल्याशिवाय सोडू नका.

आणि गाण्यात तबला-पेटी करणाऱ्यांसाठी आपल्याकडे साथ हा शब्द आहे, त्याहून चांगला शब्द मला कुठल्या भाषेत माहीत नाही. इंग्रजीतही तिथं ॲन्सिलरी म्हणत नाहीत.

वाक्यात वापरायचा कसा?

विशेषण म्हणून नामाच्या आधी, ॲन्सिलरी स्टाफ, ॲन्सिलरी सर्व्हिसेस. किंवा नंतर वापरायचा असेल तर पुढे "टू" येतो, ॲन्सिलरी टू द मेन बिझनेस. "फॉर" किंवा "ऑफ" लावू नका. नाम म्हणूनही चालतो आणि मग अनेकवचन ॲन्सिलरीज, आपल्या एमआयडीसीत तेच जास्त ऐकू येतं.

हा कागदावरचा शब्द आहे. रिपोर्ट, करार, टेंडर, तिथं शोभतो. इंटरव्ह्यूमध्ये बोलताना "सपोर्ट" म्हटलं तरी तेच काम होतं आणि जीभही अडखळत नाही. मराठीत लिहिताना अडलात तर मी अजूनही जे करतो तेच करा, शब्द बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, कशासाठी? बॉयलर कशासाठी, वाफेसाठी. वाफ कशासाठी, रिॲक्टर तापवायला. मग मराठीत "रिॲक्टरला वाफ पुरवणारा विभाग" असंच लिहून टाकायचं, बॉयलरवर उभा असणारा माणूस ते वाचतो आणि त्याला काही विचारावं लागत नाही.